बसव त्याला जरा

आई स्टुलावर चढून माळ्यावरच्या खोक्यांत हात घालत होती आणि मी खाली एका हातानं स्टूल धरून उभी होते. दुसऱ्या हातात तान्ही रेवा होती. त्यामुळे आई खरोखर पडली असती तर मला काहीच करता आलं नसतं, हे दोघींनाही कळत होतं. तरी मी स्टूल धरलं होतं आणि तिनंही धरू दिलं होतं.

एरवी ती म्हणाली असती, अगं तिला खाली ठेव आणि मग धर. सकाळपासून ती मला काहीच म्हणत नव्हती.

ती जुन्या सुती साड्या शोधत होती. त्यांची दुपटी करून सोबत द्यायची होती. संध्याकाळी कौस्तुभ, माझा नवरा, पुण्याहून गाडी घेऊन आम्हाला न्यायला येणार होता. खरं तर बाळंतपणानंतर पाच महिने बार्शीला आईकडे राहायचं ठरलं होतं. रेवाचा तो एक्क्याऐंशीवा दिवस होता. मला तेव्हा दिवसच काय, तास सांगता आले असते.

झालं होतं एवढंच, की सकाळी दूध पिताना रेवाला ठसका लागला. आई शेजारी बसून लसूण सोलत होती. तिनं वाकून रेवाच्या टाळूवर फुंकर मारली. एकदा, मग परत एकदा, आमच्याकडे सगळ्या बायका मारतात तशी. आणि मी तिच्यावर ओरडले. तोंडातले जंतू, लसणाचे हात, फुंकरीनं ठसका थांबतो हे कुठल्या डॉक्टरनं सांगितलंय, असं बरंच काही. आई म्हणाली, तुम्हा दोघा भावंडांना ह्याच फुंकरीवर मोठं केलं. त्यावर मी म्हणाले,

"तुझ्या हातात तिला द्यायला मला भीती वाटते."

हे मी हळू आवाजात म्हणाले. ओरडून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मग मी न्हाणीघरात जाऊन कौस्तुभला फोन केला. तो म्हणाला, अगं पण तिथं तू एकटी कशी करशील? मी नऊला ऑफिसला निघतो, रात्री आठ वाजतात यायला. सासूबाई नाशिकला, त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. चौथा मजला, बंद दार, मी आणि रेवा. मला सगळं माहीत होतं. मी म्हणाले, तू ये. त्यानं परत विचारलं नाही. तेव्हा सगळेच माझ्याशी जपून बोलत होते.

झोप म्हणजे काय हे मी विसरले होते. रेवा झोपली की मी तिच्या छातीवर हात ठेवून पडत असे आणि श्वास मोजत असे, मिनिटाला किती. पंचेचाळीसच्या वर गेले की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. माझ्याकडे एक दोनशेपानी वही होती. तिच्यात मी पट्टीनं रकाने आखले होते. वेळ, दूध, शू, शी, श्वास. बाबा एसटीत होते, डेपोतून आले की चष्मा लावून ती वही बघायचे आणि म्हणायचे, आमच्या कंट्रोलरला दाखवायला पाहिजे ही. मी हसत नसे.

"हे बघ काय," माळ्यावरून आई म्हणाली. सकाळपासूनचं तिचं पहिलं वाक्य.

साड्या नव्हत्या. आमचा टीव्ही गेम होता.

लाल आणि पिवळट पांढऱ्या प्लॅस्टिकचा तो डबा, वायर गुंडाळलेले दोन रिमोट, आणि एक पिवळी कॅसेट. मी पाचवीत असताना बाबांनी सोलापूरहून आणला होता. कॅसेटवर मोटारसायकलवाल्याचं चित्र होतं. आत मोटारसायकल कुठंच नव्हती. वर नऊशे नव्व्याण्णव गेम असं छापलेलं, आणि खरे फक्त चार, तेच वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा. त्यांतला एकच आम्ही खेळायचो. त्याची अक्षरं आम्हाला न कळणाऱ्या लिपीतली होती, म्हणून त्याचं नाव आम्हीच ठेवलं होतं, कंदीलवाला.

एक बुटका म्हातारा. हातात कंदील. गावातल्या घराघरापुढचा दिवा त्यानं पेटवत जायचं. वाटेत वारा, वटवाघळं, गोठलेलं तळं, आणि सतत बर्फ. बार्शीला बाहेर बेचाळीस डिग्री असायचे, आम्ही ओल्या फरशीवर पालथे पडलेलो असायचो, आणि पडद्यावर बारीक बारीक बर्फ पडत असायचा. दर चार घरांनंतर एक खोली लागायची. तिथं शेगडी असायची. त्या खोलीत काही मागं लागत नसे. आणि तिथं रिमोटवरचं एकही बटण दाबलं नाही, की थोड्या वेळानं म्हातारा कंदील खाली ठेवायचा, शेगडीपाशी टेकायचा आणि पेंगायला लागायचा. गाणंही संथ व्हायचं. एखाद्यानं स्वतःशी गुणगुणावं तसं.

माझ्या धाकट्या भावाला, चैतन्यला, त्या खोलीचा राग यायचा. पळ की पुढं, असं तो ओरडायचा. मला ती खोलीच आवडायची.

आणि आईला. आमच्या मागं तिची पिको-फॉलची मशीन असायची. गेममधलं तिला काही कळायचं नाही, पण ती शेगडीची खोली आली की मशीनवरून मान न उचलता म्हणायची, "बसव त्याला जरा. दमलाय तो." आम्ही हसायचो. तिला गेम म्हणजे काय ते कळतच नाही, असं चैतू म्हणायचा.

आईनं खाली उतरून पदरानं डबा पुसला.

"लावून बघ की चालतंय का. नसेल चालत तर देऊन टाकते भंगारवाल्याला. बुधवारी येतो तो."

मी म्हणाले, मला बॅग भरायचीय. ती म्हणाली, बॅग मी भरते. मी म्हणाले, तुला कळणार नाही कुठलं वर ठेवायचं. ती रिमोटची वायर सोडवू लागली. मग मलाच कसंतरी झालं, आणि मी चैतूला फोन लावला.

चैतू बंगळुरूला नोकरी करत होता. व्हिडिओवर गेम दाखवल्यावर तो खुर्चीतून उठलाच. मग त्यानं सांगायचं आणि आईनं करायचं, असं सुरू झालं, कारण माझा एक हात रेवाखाली होता आणि दुसऱ्यात फोन. टीव्ही आता सपाट होता, भिंतीवरचा. आई त्याच्या मागं हात घालून बोटांनी भोकं चाचपत होती. चैतू म्हणाला, आई, पिवळी पिन पिवळ्यात, एवढं तर येईल. ती म्हणाली, तुझ्या ऑफिसातल्यांना येतं का सुईत दोरा घालायला? चैतू म्हणाला, नाही येत. मग गप्प बस.

पडद्यावर नुसता राखाडी रंग आला.

"फुंकर मार ताई," चैतू म्हणाला.

कॅसेट लागली नाही की ती काढून तिच्या खालच्या फटीत फुंकर मारायची आणि परत बसवायची, हा आमचा एकमेव इलाज होता. आमचाच काय, तेव्हाच्या सगळ्या पोरांचा. चैतूला सकाळचं काही माहीत नव्हतं, तो आपला बोलतच होता, की नंतर मी वाचलं, फुंकरीनं काही व्हायचंच नाही म्हणे, उलट थुंकीनं आतली पट्टी खराब व्हायची. काढून परत लावलं की लागायचं, बास. फुंकरीचा काही संबंध नव्हता.

"पण मार तू," तो म्हणाला. "त्याशिवाय लागायची नाही."

आईनं कॅसेट काढली. ती तिच्याच हातात होती. तिनं ती स्वतःच्या तोंडाजवळ नेली नाही. दोन पावलं येऊन तिनं ती माझ्या तोंडासमोर धरली.

मी फुंकर मारली.

आईनं कॅसेट परत दाबून बसवली, आणि पडदा निळा झाला, आणि ते गाणं लागलं.

ते गाणं मला सांगता येणार नाही. एका बोटानं वाजवल्यासारखं आहे ते, पाच-सहा सुरांचं, पुन्हा पुन्हा तेच. सतरा-अठरा वर्षं मी ते कुठं ऐकलं नव्हतं आणि त्यातला पुढचा सूर येण्याआधी मला माहीत होता. मग फोनमध्ये चैतूच्या मागं कुणी तरी त्याला हाक मारली, तो म्हणाला, मी संध्याकाळी करतो, खेळून ठेवा, आणि गेला.

रिमोट आईनं जमिनीवर माझ्यापुढं ठेवला होता. मी एका हातानं उचलला. त्याला दोन्ही हात लागतात. डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्यानं दिवा लावायचा. मी तो मांडीवर टेकवून बघितला, घोट्याखाली दाबून बघितला. म्हातारा पहिल्याच घरापुढं जागच्या जागी पाय हलवत राहिला.

आई बघत होती. तिनं हात पुढं केले नाहीत. फक्त ती भिंतीला टेकून बसली आणि पाय लांब केले, लहान बाळाला पायांवर घेताना बायका करतात तसे, आणि पडद्याकडं बघत राहिली.

"पाच मिनिटं," मी म्हणाले.

"बरं."

"मान धर नीट."

"बरं."

"आणि..." मी थांबले. फुंकर, असं म्हणणार होते.

"बरं," आई म्हणाली.

रेवाला तिच्या पायांवर ठेवल्यावर माझ्या डाव्या हाताला मुंग्या आल्या. तो हात हलका झाला, आणि हलका झालेला मला आवडला नाही. मी आईच्या अगदी शेजारी बसले, गुडघा रेवाच्या पायाला लागेल असा. कूलर घरघरत होता. मी खेळू लागले.

बोटांना सगळं आठवत होतं. दुसऱ्या घराशी वटवाघूळ येतं तेव्हा खाली बसायचं. तळ्यावर पळायचं नाही, पळलं की बर्फ फुटतो. आईच म्हणाली, इथं हळू जायचीस तू. मी म्हणाले, तुला कसं आठवतं? ती म्हणाली, सुट्टीभर तेच बघितलंय, आणि विजेच्या बोर्डाकडं बोट केलं. प्लगच्या शेजारी एक तपकिरी डाग होता. मी तो लहानपणापासून बघत आले होते.

तो स्कॉलरशिपच्या परीक्षेच्या रविवारचा, असं आईनं सांगितलं. तो रविवार मलाही आठवत होता. गेममध्ये सेव्ह वगैरे काही नव्हतं. बंद केलं की पुन्हा पहिल्या घरापासून. त्या दिवशी सकाळी आम्ही कधी नव्हे ते विसाव्या घरापर्यंत पोहोचलो होतो आणि परीक्षेला निघायची वेळ झाली. मी म्हाताऱ्याला शेगडीपाशी बसवलं आणि आईला बजावलं, बंद करायचं नाही. टीव्ही कर, पण डबा नाही. आणि आम्ही गेलो. संध्याकाळी चारला परत आलो, टीव्ही लावला, म्हातारा तिथंच पेंगत होता. आम्ही चपलाही न काढता पुढं खेळायला बसलो. मधल्या वेळात काय झालं असेल हे मला कधीच विचारावंसं वाटलं नव्हतं.

झालं असं होतं, की बोर्डावर तो एकच प्लग होता, आणि तिची मशीन त्याच प्लगवर चालायची. दुसऱ्या दिवशी कुणाकडं तरी लग्न होतं, सात साड्यांचे फॉल द्यायचे होते. ते तिनं त्या दिवशी हातानं लावले. दुपारी गेमचा फरशीवर ठेवलेला अडॅप्टर तापायला लागला, तेव्हा तिनं त्याच्याखाली स्टीलचं ताट पालथं घातलं, आणि बाबांच्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यानं वारा घालत बसली. मधून मधून हाताची पालथी बाजू लावून बघायची, ताप बघतात तशी. बोर्डावर तोवर तो डाग पडला होता.

मी म्हणाले, अगं बंद करायचं ना, पेट घेतला असता.

"बाहेर बर्फ पडत होता," आई म्हणाली. "मला वाटलं, आपण बंद केलं की तो तिथं अंधारात राहील."

मी तिच्याकडं बघितलं. ती पडद्याकडंच बघत होती. मग जरा ओशाळून म्हणाली, "मला काय माहीत, गं."

रेवा जागी होती. तिच्या डोळ्यांत दोन निळे चौकोन दिसत होते. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती, ते माझ्या लक्षात आलं होतं. मी तिसरं घर लावलं, चौथं लावलं. शेगडीची खोली समोर दिसायला लागली. आणि मी पडद्याकडं बघत, बटणं दाबत, म्हणाले,

"आई, परवा माझ्या हातून सुटली ती."

आईनं रेवाचं दुपटं सारखं केलं.

मी सांगितलं. सकाळचे सहा वाजले असतील. मी बसून दूध पाजत होते आणि मला झोप लागली. जागी झाले ती मांडी हलकी लागली म्हणून. रेवा घसरून पलंगाच्या कडेला गेली होती, एक पाय बाहेर. खाली फरशी. ती रडलीसुद्धा नाही, झोपलेलीच होती. मी कुणाला सांगितलं नाही. वहीत लिहिलं नाही. सहाच्या रकान्यात फक्त दूध लिहिलं. तेव्हापासून मी बसून पाजतच नव्हते, उभी राहून, येरझाऱ्या घालत पाजत होते, म्हणजे झोप लागणार नाही.

"मी पण नाही ना तिला धरायच्या लायकीची," मी म्हणाले. "मग कुणाला देऊ?"

हे सगळं मी कंदीलवाल्याला सांगितल्यासारखं सांगितलं. तो खोलीच्या दारात आला होता. मागं बर्फ पडत होता. मी त्याला आत घेतलं.

मला वाटलं, आता ती म्हणेल, सगळ्यांचं असं होतं. किंवा म्हणेल, तरी मी सांगत होते. मी दोन्हींसाठी उत्तरं तयार ठेवली होती.

"बसव त्याला जरा," आई म्हणाली. "दमलाय तो."

मी अंगठे उचलले.

तो थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं कंदील खाली ठेवला. मग टेकला. गाणं संथ झालं. मला आठवतंय, की मी आईला म्हणणार होते, ती वही जवळ घे. म्हणाले की नाही ते आठवत नाही.

जागी झाले तेव्हा ऊन खिडकीतून सरकून कपाटावर गेलं होतं. माझ्या गालावर चटईचे वळ होते आणि मुठीत रिमोट होता. गाणं चालूच होतं. क्षणभर मला वाटलं, परीक्षेहून आलेय. मग मी ताडकन उठून बसले.

आई होती तिथंच होती. भिंतीला पाठ, पाय लांब, पायांवर रेवा. रेवा झोपली होती. आई भिंतीपासून बोटभरसुद्धा हलली नसावी असं मला वाटलं. पण शेजारी वाटी-चमचा होता, मी प्रवासासाठी काढून फ्रीजमध्ये ठेवलेल्या दुधाची रिकामी बाटली होती, आणि एका कोपऱ्यात दोन ओली दुपटी घडी करून ठेवलेली.

"किती वाजले?"

"सहा वीस."

चार तास. मी चार तास झोपले होते. एक्क्याऐंशी दिवसांत मी सलग दीड तासाच्या वर झोपले नव्हते. मी रेवाच्या छातीवर हात ठेवला. आई म्हणाली, बघ बघ. मग म्हणाली, "कौस्तुभरावांना बाहेर बसवलंय."

कौस्तुभ पावणेसहालाच पोहोचला होता. आईनं त्याला आधीच फोन करून बजावलं होतं, की बेल दाबायची नाही, दार लोटलेलं आहे. तो आला, आईनं ओठांवर बोट ठेवून आधी माझ्याकडं आणि मग बाहेर दाखवलं, आणि तो आल्यापावली पायरीवर जाऊन बसला. दारातून मला त्याची पाठ दिसत होती. कलिंगडाची फोड खात होता. बिया हातात गोळा करत होता, खाली टाकायला नको म्हणून.

वही आईच्या मांडीपाशी उघडी होती. रकान्यांत पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. आईचं अक्षर मी दुधाच्या आणि शिवणाच्या वह्यांत बघितलेलं, मोठं, प्रत्येक शब्दावरची रेघ वेगळी ओढलेली.

२.५० शू.

३.१५ दूध, वाटीचमच्यानं. वाटी उकळून घेतली. हात धुतले.

३.३० ढेकर.

४.०५ शी, पिवळी.

४.३० श्वास मोजले ३८. परत मोजले ४१. परत मोजले नाहीत, झोप लागली होती तिला छान.

५.२० दूध. ठसका लागला. फुंकर मारली नाही. उभी धरली. थांबला.

ती शेवटची ओळ मी वाचली. मग वरच्या सगळ्या वाचल्या आणि ती परत वाचली. आई पायांची बोटं हलवत होती. पाय बधिर झालेत का, असं मी विचारलं. ती म्हणाली, एक आहे, एकाचं माहीत नाही.

तेवढ्यात रेवा उठली आणि रडायला लागली. मी तिला घेतलं आणि सवयीनं उभी राहिले. मग खाली बसले. आईच्या शेजारी, भिंतीला टेकून. परवानंतर पहिल्यांदाच मी तिला बसून पाजायला घेतलं. आईनं न बोलता आपली मांडी माझ्या कोपराखाली सरकवली.

आवाज ऐकून कौस्तुभ आत आला. त्याचा चेहरा उन्हानं लाल झाला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि तो काहीतरी म्हणणार होता ते न म्हणता टीव्हीकडं बघून म्हणाला, हा कोण? मी म्हणाले, आमचा आहे. दाराशी बॅग उभी होती. आईनं ती कधी भरली कुणास ठाऊक. वरती दुपटी होती, सगळ्यात आधी लागतात ती, बरोबर वर. साडी शेवटी तिनं नेसायच्यातलीच फाडली होती.

कौस्तुभनं बॅग उचलली. गाडीत ठेवू का, असं त्यानं विचारलं. कुणाला विचारलं ते नक्की नव्हतं, आणि मी उत्तर देणार एवढ्यात रेवाला ठसका लागला.

लहानसाच. दोन-तीन ढास, आणि चेहरा लाल. मी तिला उभी केली. आई नकळत वाकली होती. वाकली आणि थांबली, आणि तिनं पदर तोंडावर धरला.

"आई," मी म्हणाले.

"काय."

"मार ना."

तिनं पदर काढला नाही. डोळे तेवढे दिसत होते.

"जंतू?"

"मार, गं."

मग तिनं पदरानं आधी तोंड पुसलं, नीट, दोन्ही कोपरे, फोटो काढून घ्यायच्या आधी पुसतात तसं. वाकली, आणि रेवाच्या टाळूवर फुंकर मारली. एकदा. परत एकदा. रेवाचे केस उडाले. थोडी फुंकर माझ्या मनगटावर लागली. ठसका थांबला. उभी धरल्यानंच थांबला असणार, मला माहीत आहे.

कौस्तुभनं बॅग आतल्या खोलीत नेऊन पलंगाखाली सरकवली. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. नंतर मी आणखी अकरा आठवडे तिथं राहिले. वही त्यातल्या दुसऱ्याच आठवड्यात बंद झाली. आता रेवा सात वर्षांची आहे, तिला ठसका लागला की ती स्वतःच उठून पाणी पिते, आणि मी अजून दोन पावलं पुढं जाते आणि थांबते.

पण त्या संध्याकाळी, बॅग ठेवून कौस्तुभ बाहेर आला तेव्हा गाणं चालूच होतं. म्हातारा शेगडीपाशी पेंगत होता. अडॅप्टरखाली आमचं जुनं स्टीलचं ताट पालथं घातलेलं होतं. ते मला तोवर दिसलंच नव्हतं. कौस्तुभनं वाकून हात लावून बघितला, म्हणाला, केवढा तापलाय हा, आणि बटणाकडं हात नेला.

"राहू दे," आई म्हणाली. "बाहेर बर्फ आहे."

कौस्तुभनं खिडकीबाहेर बघितलं. एप्रिल होता. मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

"राहू दे," मी म्हणाले.